दिवाळी घरी, शिमगा खोलीवर

दिवाळी अंकात शिमग्याचा विषय काढणं म्हणजे लग्नघरात बारशाच्या गोष्टी करण्यासारखं आहे, असं कुणी म्हणेल. पण परगावी राहून शिकणाऱ्या मुलामुलींच्या जेवणाचा इतिहास गेली काही वर्षं माझ्या परीने गोळा करताना हे दोन सण मला शेजारी शेजारी ठेवावे लागले. दिवाळी विद्यार्थ्याला घरी मिळते. होळी आणि पाडवा मात्र त्याला जिथे असेल तिथेच गाठतात. वसतिगृहातलं, कॉट बेसिसवरच्या खोलीतलं किंवा खानावळीतलं सणाचं जेवण शोधायचं तर ते दिवाळीच्या आसपास सापडत नाही, फाल्गुन-चैत्रातच सापडतं.

याची दोन कारणं आहेत. पहिलं साधं, पंचांग आणि शाळेच्या वेळापत्रकाचं. आपलं शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होतं, पहिलं सत्र दिवाळीच्या तोंडाशी संपतं आणि सुट्टी लागते. वसतिगृहं ओस पडतात, एसटीच्या गाड्या भरून वाहतात. फाल्गुन पौर्णिमा मात्र परीक्षांच्या हंगामात पडते आणि चैत्र शुद्ध प्रतिपदा तिच्यानंतर पंधरा दिवसांनी. २०२४ मध्ये होळी २४ मार्चला होती, पाडवा ९ एप्रिलला. २०२५ मध्ये होळी १३ मार्चला आणि पाडवा ३० मार्चला. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, त्यांच्या पाठोपाठ महाविद्यालयांचे प्रॅक्टिकल, सबमिशन आणि विद्यापीठाच्या परीक्षा. धुळवडीची एक दिवसाची सुट्टी असते, पण एका दिवसात पुण्याहून चंद्रपूरला जाऊन कोण परत येणार? वर्षाचा शेवटचा मोठा सण आणि वर्षाचा पहिला सण, दोन्ही परीक्षेच्या कात्रीत सापडतात.

दुसरं कारण पाण्याचं आहे आणि माझ्या मते तेच जास्त महत्त्वाचं. दिवाळीचा फराळ प्रवास करतो. चकली, शेव, शंकरपाळे, कडबोळी हे सगळे पदार्थ तळताना त्यांतलं पाणी उडून जातं, लाडवातलं बेसन तुपात खमंग भाजलेलं असतं आणि पाकातली साखर उरलंसुरलं पाणी धरून ठेवते. बुरशीला आणि जिवाणूंना वाढायला मोकळं पाणी लागतं, ते इथे मिळत नाही. म्हणून दिवाळी संपवून परतणाऱ्या मुलाच्या ट्रंकेत डबा असतो आणि तो महिनाभर पुरवता येतो (खोलीतल्या बाकीच्यांना पत्ता लागला नाही तर). संक्रांतीची गूळपोळीही तशीच. तिच्या सारणात तीळ, भाजलेलं बेसन आणि गूळ, पाण्याचा थेंब नाही, म्हणून ती आठ-दहा दिवस सहज टिकते. पुरणपोळीचं तसं नाही. शिजवलेली डाळ कितीही आटवली तरी ओलीच राहते. मार्चच्या उन्हात पुरणपोळी दुसऱ्या दिवशी चांगली लागते, तिसऱ्या दिवशी वास घ्यावा लागतो. पाडव्याच्या श्रीखंडाचा डबा तर उन्हातून एसटीच्या टपावर पाठवायची हिंमत कुठलीच आई करणार नाही.

उत्तरेकडच्या मुलांशी तुलना करून पाहा. त्यांच्या होळीचा पदार्थ म्हणजे गुजिया, आपल्या करंजीची बहीण, तुपात तळलेली. ती पार्सलने कुठेही जाते. आपल्याकडे बेळगावचे मांडे सोडले तर वसंतातलं गोडधोड चुलीपासून फार लांब जाऊ शकत नाही. घरून येणार नाही आणि घरी जाता येणार नाही, मग परगावच्या मुलाने होळीला काय खायचं?

या प्रश्नाचं जुनं उत्तर होतं, दुसऱ्याच्या घरी. पुण्यात किंवा वाईसारख्या ठिकाणी शिकायला आलेली गरीब मुलं माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. वार लावणं म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असं आठवड्याचं जेवण सात घरांत वाटून घेणं. सातही वार मिळाले तर नशीब. एखादा वार मोकळा राहिला तर त्या दिवशी उपास किंवा चुरमुरे. आता यात सणाचा हिशेब घालून पाहा. वार आठवड्याने चालतो, सण तिथीने. म्हणजे होळीची पोळी कुणाच्या घरची मिळणार, की मिळणारच नाही, हे त्या वर्षीची पौर्णिमा कुठल्या वारी येते यावर ठरायचं. २०२४ ची होळी रविवारी आली, २०२५ ची गुरुवारी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या मुलाचा रविवार मोकळा आणि गुरुवार सधन घरी असता, तर एका वर्षी त्याला उपास घडला असता आणि दुसऱ्या वर्षी पुरणावर तुपाची धार. शिवाय सणाच्या दिवशी त्या घरी पाहुणे असणार, लेकी-जावई असणार, वाराच्या मुलाचं पान शेवटच्या पंगतीत. या पद्धतीने कितीतरी मुलं शिकली हे खरंच, पण तिच्याबद्दल हल्ली जे गहिवरून लिहिलं जातं ते मला पटत नाही. जेवणारा मुलगा रोज कुणाचा तरी मिंधा असे.

आणि हे मिंधेपणही सगळ्यांना उपलब्ध नव्हतं. माधुकरी आणि वार ही ब्राह्मण घरांनी ब्राह्मण मुलांसाठी चालवलेली सोय होती. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या मुलाला त्या ओसरीवर पान मिळत नव्हतं आणि अस्पृश्य मानलेल्या मुलाचा तर प्रश्नच नव्हता. म्हणून बोर्डिंगचा इतिहास हा मुळात जेवणाचा इतिहास आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग सुरू केलं, मग एकेका समाजाची बोर्डिंगं निघत गेली. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. त्याच्या समारंभाला गेल्यावर शुद्धीचं स्नान करायला भाऊराव पाटलांनी नकार दिला आणि त्यांना ते राहत होते ते जैन बोर्डिंग सोडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रांत येतं. याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छपराखाली, एका पंगतीत बसवलं. तिथे धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिलं. एका पंगतीत बसून सण साजरा करता येणं ही गोष्ट त्या मुलांच्या आधीच्या पिढीला माहीत नव्हती.

तरीही वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पुरणपोळी क्वचितच होते. लोक म्हणतात खर्चामुळे. मला ते खरं वाटत नाही, हिशेब मांडून पाहू. एक वाटी हरभऱ्याच्या डाळीत, म्हणजे साधारण दोनशे ग्रॅममध्ये, मध्यम आकाराच्या दहाएक पोळ्या होतात. शंभर मुलं, प्रत्येकी दोन पोळ्या, म्हणजे दोनशे पोळ्या. डाळ चार किलो, गूळ चार किलो. कुठल्याही वसतिगृहाला हा खर्च डोईजड नाही. पण एक पोळी भरून, लाटून, दोन्ही बाजूंनी नीट भाजायला दोन मिनिटं धरली तर एका तव्यावर चारशे मिनिटं लागतात, पावणेसात तास. त्याआधी डाळ शिजवणं, कट काढणं, पुरण आटवणं, ते गरम असतानाच वाटणं. चार किलो डाळीचं पुरण हाताने फिरवायच्या पुरणयंत्रातून काढून बघा म्हणजे खांदे काय म्हणतात ते कळेल. महाग आहे ते मनुष्यबळ, खरं सांगायचं तर बाईबळ. म्हणून बोर्डिंगच्या सणाला लापशी, शिरा, खीर, जिलबी. एका पातेल्यात होणारं किंवा हलवायाकडून आणता येणारं. घरोघरी पुरणपोळी होऊ शकली कारण घरोघरी सकाळपासून ओट्याशी उभी असलेली बाई होती. वसतिगृहाला ती नव्हती.

शहरातल्या मेसचंही तसंच. पुण्याच्या पेठांत मी स्वतः १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॉट बेसिसवर राहिलो आहे आणि तेव्हाचे मेसचे नियम आजही फारसे बदललेले नाहीत. सणाला दुपारी 'फीस्ट', एक गोड वाटी जास्त, आणि संध्याकाळी मेस बंद. रविवारी संध्याकाळीही बंद. २०२४ ची होळी आणि २०२५ चा पाडवा दोन्ही रविवारी आले, म्हणजे सणाच्या संध्याकाळी पेठांमधली हजारो मुलं वडापाव आणि मिसळीच्या शोधात. यात मेसवाल्या मावशींचा काही दोष नाही. त्यांच्याही घरी होळी असते आणि वर्षभर दुसऱ्यांची पोरं जेवू घालणाऱ्या बाईने एक संध्याकाळ स्वतःच्या घरी पुरण घातलं तर बिघडलं काय? हल्ली पोळी-भाजी केंद्रांमधून विकतच्या पुरणपोळ्या मिळतात आणि त्यांनी बराच प्रश्न सोडवला आहे. पण विकतची पोळी एकेकट्याने खाता येते. खोलीतल्या चौघांनी मिळून काही केलं तर त्याला सण म्हणता येतं, आणि तशी करण्याची रीत मुलामुलींनी आपापली शोधून काढलेली आहे. स्वयंपाकाच्या पुस्तकांत ती येत नाही, कारण ती पुस्तकं ओटा, गॅस आणि प्रेशर कुकर गृहीत धरून लिहिलेली असतात.

आधी पाडव्याचं बघू, कारण ते सोपं आहे. श्रीखंड हा विद्यार्थ्याचा पदार्थ आहे असं मी ठामपणे म्हणतो. त्याला विस्तव लागत नाही. आदल्या दिवशी लिटरभर घट्ट दही आणायचं, पातळ पंच्यात किंवा धुतलेल्या मऊ सुती कापडात बांधायचं आणि खिडकीच्या गजाला किंवा नळाला टांगायचं, खाली बादली. सात-आठ तासांत पाणी गळून चक्का उरतो. एकच पथ्य आहे, टांगायचं ते रात्री आणि खोलीतल्या सगळ्यांत गार कोपऱ्यात. दह्यातले जिवाणू टांगल्यावरही काम करतच असतात, मार्चच्या दुपारी ते दुप्पट जोमाने करतात आणि चक्का आंबट होतो. मग त्यात कितीही साखर घातली तरी जीभ फसत नाही. चक्क्याच्या बरोबरीने किंवा थोडी कमी साखर घालून तासभर झाकून ठेवायचं. साखर चक्क्यातलं पाणी ओढून विरघळते, त्यामुळे मिश्रण आधी सैल पडतं. घाबरायचं कारण नाही. पुरणयंत्र नसतं तेव्हा चहाची स्टीलची गाळणी चालते, वेळ लागतो एवढंच. वेलदोडा घातला की झालं. केशर परवडत नाही आणि त्यावाचून काही अडतही नाही. मेसमधून दुपारच्या पुऱ्या जास्तीच्या मागून आणता आल्या तर पंगत पूर्ण.

पाडव्याच्या सकाळची कडुनिंबाची चटणीही खोलीत होते. कोवळा पाला, गूळ, जिरं, मीठ, थोडी चिंच, हिंग. झाड बहुतेक वसतिगृहांच्या आवारात असतंच. साखरेच्या गाठीची माळ थोडक्या पैशांत मिळते, ती तांब्याऐवजी स्टीलच्या ग्लासाखाली, काठीऐवजी खराट्याच्या दांड्यावर बांधलेल्या गुढीला घातलेली मी पाहिली आहे. रुमालाचा खण केला होता. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून ती गुढी रस्त्यावरून छान दिसत होती.

होळीचं पुरण मात्र अवघड. पहिली अडचण विस्तवाची. वसतिगृहात कॉइल, हॉटप्लेट, इंडक्शन यांना बंदी असते आणि ती बंदी मुलांना जाच वाटते, पण तिच्यामागे गणित आहे. भिंतीवरचा साधा प्लग सहा अँपियरचा असतो. २३० व्होल्टला त्यातून १३८० वॅटपेक्षा जास्त ओढू नये. इंडक्शन शेगडी बऱ्याचदा २००० वॅटची असते. ती स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावली तर वायर तापते आणि गादी शेजारीच असते. म्हणून पुरण करायचं तर रीतसर परवानगी घेऊन मेसच्या स्वयंपाकघरात, किंवा ज्यांच्या भाड्याच्या खोलीत गॅस आहे अशा मित्राकडे. चोरून करू नये, आणि केटलमध्ये तर डाळ मुळीच शिजवू नये. ती फेसाळून उतू जाते आणि केटल कायमची जाते.

दुसरी अडचण डाळीची. डाळ शिजतच नाही, अशी तक्रार वसतिगृहात जितकी ऐकू येते तितकी घरी येत नाही आणि त्याचं कारण बऱ्याचदा बोअरवेलच्या पाण्यात असतं. डाळीच्या पेशींना चिकटवून ठेवणारा पेक्टिन नावाचा पदार्थ शिजताना सुटतो, तेव्हा डाळ मऊ होते. जड पाण्यातलं कॅल्शियम त्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं. उपाय सोपे आहेत. डाळ सहा तास आधी भिजवायची आणि शिजवायला पिण्याचं गोडं पाणी घ्यायचं. अगदीच नाही तर चिमूटभर खाण्याचा सोडा. याच कारणाने गूळ कधीही डाळ पूर्ण शिजण्याआधी घालू नये. गुळात थोडा आंबटपणा असतो, रस निवळताना वापरलेल्या चुन्याचा अंश असतो, आणि एकदा तो डाळीला लागला की ती कडक राहते ती राहतेच. आपल्या आज्या पेक्टिन हा शब्द न ऐकता हेच सांगत होत्या, डाळ बोटांत चुरडली जाईपर्यंत गुळाचा डबा उघडू नका.

शिजलेल्या डाळीतलं पाणी पूर्ण निथळून घ्यायचं. तोच कट, त्याची आमटी. मग डाळीइतका गूळ घालून आटवायचं. गूळ विरघळताना पुरण पातळ होतं, ते पुन्हा घट्ट होऊन त्यात उलथनं उभं राहिलं की थांबायचं आणि गरम असतानाच गाळणीच्या पाठीने किंवा स्टीलच्या पेल्याच्या बुडाने रगडून घ्यायचं. गार झालेलं पुरण वाटलं जात नाही. जायफळ, वेलदोडा, थोडी सुंठ.

आणि पोळी? इथे विद्यार्थ्यांनी जी युक्ती काढली आहे तिचं मला फार कौतुक वाटतं. पोळी लाटायचीच नाही. मेसच्या गरम पोळीवर पुरणाचा जाड थर पसरायचा, तूप सोडायचं आणि गुंडाळी करायची. पावणेसात तासांचं काम पंधरा मिनिटांत. कुणी नाक मुरडेल, पण होळीच्या नैवेद्यालाही घाईच्या घरांत पुरणाचा मुटका चालतोच की. पुरण झालं की सणाचा मान झाला.

खरी मजा त्यानंतरच्या वादात असते. चार जिल्ह्यांची चार मुलं एका पातेल्याभोवती बसली की पुरणपोळीचे चार देश उघडतात. खानदेशातला मुलगा सांगणार की उलट्या खापरावर, हातावर फिरवून केलेली ती खरी पोळी, बाकी सगळ्या चपात्या, आणि तिच्यासोबत आमटी नव्हे, रशी. वैदर्भीय म्हणणार की पोळीत पुरण दिसलं पाहिजे, आवरण नव्हे, आणि तूप वाटीने हवं. कोकणातल्या मुलीला सोबत नारळाचं दूध लागतं. साताऱ्याकडचा मुलगा त्याच कटाच्या आमटीला येळवणी म्हणतो आणि त्यावर एक तास जातो. हा वाद घरी कधीच होत नाही, कारण घरी एकच रीत असते आणि तीच जगात असते. आपल्या स्वयंपाकाला जिल्हा असतो हे कळायला दुसऱ्या जिल्ह्याचा माणूस शेजारच्या कॉटवर यावा लागतो.

जातीचा प्रश्न या पातेल्याशी मिटला असं मात्र मी म्हणणार नाही. कॉट देताना आडनाव विचारणारे घरमालक आजही आहेत आणि अमुक स्वयंपाकघर अमुकांसाठीच अशा पाट्याही मी वाचलेल्या आहेत. पण वाराच्या घरी पान कुणाला आणि कुठे, हे यजमान ठरवत असे. या पातेल्याला यजमान नाही. ज्याने डाळ निवडली, ज्याने गूळ फोडला, ज्याने शेवटी भांडी घासली, ते सगळे वाटेकरी. वर्गणीचा हिशेब वहीच्या मागच्या पानावर असतो आणि तो बहुधा जुळत नाही.

चैत्र पुढे सरकला आणि परीक्षा संपत आल्या की तिसरा पदार्थ येतो, आंब्याची डाळ. तोवर बाजारात कैऱ्या आलेल्या असतात आणि घरोघरी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ही डाळ आणि पन्हं असतं. हरभऱ्याची डाळ रात्री भिजवायची, सकाळी मिक्सरमधून भरड काढायची, कैरी किसून मिसळायची, मीठ, साखर, हिरवी मिरची. वर फोडणी तेवढी मेसच्या मावशींकडून घालून आणायची. ही डाळ त्याच दिवशी संपवावी लागते, संध्याकाळपर्यंत ती विटते. पण शेवटचा पेपर देऊन आलेल्या चार मुलांपुढे ठेवलेलं पातेलं संध्याकाळपर्यंत उरल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.